साउथ ब्लॉकमधले पहिले महिने

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांनी भारताचे संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. ज्या युद्धासाठी त्यांना दिल्लीला पाचारण करण्यात आले होते, ते युद्ध त्याच दिवशी संपल्यात जमा झाले. चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली होती. आदल्या तीन-चार दिवसांत वालाँग, सेला आणि बोमदिला ही ठाणी एकामागून एक पडली होती. आसामातील तेजपूर शहर रिकामे झाले होते आणि शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून तेथील बँकेतील नोटा जाळण्यात आल्या होत्या. लष्करप्रमुख जनरल थापर यांनी पद सोडले होते. कृष्ण मेनन यांना त्याआधीच जावे लागले होते आणि मधल्या तीन आठवड्यांत पंतप्रधान पंडित नेहरू स्वतः संरक्षण खाते पाहत होते.

हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, अशा शब्दांत महाराष्ट्राने या घटनेचे वर्णन केले आणि ते पुढे अनेक वर्षे भाषणांतून ऐकू येत राहिले. ते वर्णन मराठी अभिमानाला साजेसे असले, तरी धावून जाणाऱ्याला तिथे पोहोचल्यावर काय दिसले, याविषयी ते काही सांगत नाही. लढण्यासाठी युद्ध उरले नव्हते. उरले होते ते खचलेले सैन्य, एकमेकांकडे संशयाने पाहणारे अधिकारी, उत्तरे मागणारी संसद आणि मनाने मोडलेले पंतप्रधान. सुमारे चार हजार भारतीय जवान चीनच्या कैदेत होते. शस्त्रसंधी टिकेल की हिवाळा सरताच आक्रमण पुन्हा होईल, हे कोणालाही सांगता येत नव्हते.

नवे पद मिळाल्यावर पहिल्या काही महिन्यांत माणूस काय करतो आणि काय करायचे टाळतो, यावर त्याची पुढची वर्षे बऱ्याच अंशी ठरतात. यशवंतरावांच्या बाबतीत हे अधिकच खरे होते. कारण त्यांच्या वाट्याला आलेली मोठी पदे बहुधा घर विस्कटलेले असतानाच आली.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातील गावी त्यांचा जन्म झाला. वडील कराडच्या न्यायालयात बेलिफ होते. ते लवकर गेले आणि आई विठाबाईंनी हलाखीत मुलांना वाढवले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि १९३२ मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तुरुंगाने त्यांना वाचनाचे दुसरे विद्यापीठ मिळवून दिले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून पदवी आणि पुण्यातून कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी कराडला वकिली सुरू केली. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी विवाह झाला आणि दोनच महिन्यांत ते भूमिगत झाले. त्याची किंमत वेणूताईंनाही तुरुंगवासाच्या रूपाने मोजावी लागली. १९४६ च्या निवडणुकीनंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात ते संसदीय चिटणीस झाले. राज्यकारभाराची बाराखडी त्यांनी गिरवली ती गृहखात्यात, मोरारजी देसाई यांच्यासारख्या कडक शिस्तीच्या मंत्र्याच्या हाताखाली. १९५२ मध्ये पुरवठामंत्री झाल्यावर धान्यावरील नियंत्रणे उठवण्याचे नाजूक काम त्यांच्याकडे आले.

मात्र नव्या जागी पाय कसे रोवावेत, याची खरी परीक्षा १९५६ मध्ये झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ यांचे मिळून विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. हे राज्य मराठी माणसाला नको होते आणि गुजराती माणसालाही नको होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभरहून अधिक माणसे गोळीबारात बळी पडली होती. मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात त्यांच्याविषयी रोष होता. आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ त्याच महिन्यात सुरू झाला आणि त्याच्या पानापानांतून मुख्यमंत्र्यांवर जहरी टीका होऊ लागली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली आणि खुद्द यशवंतराव कराडमधून निसटत्या मतांनी विजयी झाले.

अशा वेळी एखाद्याने पोलिसी बळावर राज्य केले असते, किंवा रोज नवी घोषणा करून लोकांचे लक्ष दुसरीकडे वळवले असते. यशवंतरावांनी विरोधकांशी बोलणे चालू ठेवले. एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे यांच्याशी राजकीय वैर असतानाही संवादाचा धागा त्यांनी तुटू दिला नाही. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचे ठरले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शनांची हाक दिली. पोलिसांची लाठी किंवा गोळी चालली असती, तर आधीच्या जखमा पुन्हा भळभळल्या असत्या. निदर्शने झाली, घोषणा झाल्या, काळे झेंडे दिसले आणि पंतप्रधानांचा कार्यक्रमही पार पडला. रक्त सांडले नाही. जनतेच्या भावनेची तीव्रता नेहरूंनी त्या वाटेवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यामागे आंदोलनाचे बळ होते हे निर्विवाद आहे. पण दिल्लीचे मन वळवण्यात द्वैभाषिकाच्या या मुख्यमंत्र्याचाही वाटा होता, हे त्यांच्या टीकाकारांनीही नंतर मान्य केले.

नव्या महाराष्ट्राच्या पहिल्या अडीच वर्षांत नवबौद्धांना सवलती, साहित्य संस्कृती मंडळ, जिल्हा परिषदा, सहकारी साखर कारखानदारीला पाठबळ अशी कामे झपाट्याने उभी राहिली. या कामांविषयी महाराष्ट्रात इतके लिहिले गेले आहे, की त्यांची पुनरुक्ती नको. मुंबईच्या सचिवालयात त्यांचे आसन स्थिर झाले होते. प्रत्येक जिल्ह्यात नावाने हाक मारता येतील अशी माणसे होती. ही घडी बसलेली असतानाच नेहरूंचा निरोप आला. मारोतराव कन्नमवार यांच्याकडे राज्याची धुरा सोपवून यशवंतराव दिल्लीला गेले.

दिल्लीत त्यांचे म्हणावे असे फारसे कोणी नव्हते. शपथ घेतली तेव्हा ते संसदेचे सदस्यही नव्हते. लोकसभेवर ते पुढे नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. लष्कराशी त्यांचा पूर्वी थेट संबंध आला नव्हता. शिवाय संरक्षणाच्या कामात वाटेकरीही होते. टी. टी. कृष्णम्माचारी यांना त्याच महिन्यात आर्थिक व संरक्षण समन्वयमंत्री नेमण्यात आले होते. ओरिसाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक पंतप्रधानांचे सल्लागार म्हणून दिल्लीत वावरत होते आणि संरक्षणाच्या प्रश्नांत लक्ष घालत होते. अर्थखाते मोरारजींकडे होते, म्हणजे पैशासाठी जुन्या वरिष्ठांकडेच जायचे होते. कोणाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कागदावर स्पष्ट नव्हते. महाराष्ट्रात सर्वाधिकारी असलेल्या नेत्याला हे अवघडलेपण जाणवले नसेल, असे म्हणता येणार नाही.

यशवंतरावांनी सोबत फौजफाटा नेला नाही. राम प्रधान हे तरुण सनदी अधिकारी त्यांचे खासगी सचिव झाले. तेच पुढे केंद्रीय गृहसचिव आणि अरुणाचलचे राज्यपाल झाले. या काळाविषयी आज जे तपशीलवार माहीत आहे, त्यातील पुष्कळसे प्रधानांनी नंतर लिहिलेल्या पुस्तकांतून आलेले आहे. मंत्रालयातील अधिकारी घाऊक बदलण्याच्या फंदातही नवे मंत्री पडले नाहीत. मेनन यांच्या विश्वासातले म्हणून कोणाची गच्छंती आणि त्यांच्या विरोधातले म्हणून कोणाला बढती, असा हिशेब त्यांनी मांडला नाही.

यामागचे कारण समजून घ्यायचे, तर थोडे मागे जावे लागते. १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदांतून राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला होता. तेव्हापासून सेनाधिकाऱ्यांत तट पडले होते. कोण मंत्र्यांच्या मर्जीतला आणि कोण नावडता, याची चर्चा भोजनगृहांपर्यंत पोहोचली होती. लेफ्टनंट जनरल कौल यांच्यासारख्या, लढाईचा फारसा अनुभव नसलेल्या अधिकाऱ्याकडे ईशान्येतील महत्त्वाच्या कोअरचे नेतृत्व गेले, ते अशाच वातावरणात. बंदुका जुन्या होत्या, थंडीचे कपडे पुरेसे नव्हते, डोंगरात रस्ते नव्हते, हे सगळे खरेच होते. पण खालचा अधिकारी वरच्याला अप्रिय सत्य सांगायला कचरत होता, हे दुखणे अधिक खोलवरचे होते आणि ते केवळ पैसे ओतून बरे होणारे नव्हते.

नव्या मंत्र्यांनी यावर योजलेला उपाय दिसायला अगदी साधा होता. सकाळी तिन्ही सेनाप्रमुखांसह बैठक घेण्याचा प्रघात त्यांनी सुरू केला. लष्कराचे जनरल जयंतनाथ चौधुरी, हवाई दलाचे एअर मार्शल अस्पी इंजिनिअर, नौदलाचे व्हाइस अ‍ॅडमिरल भास्करराव सोमण, संरक्षण सचिव पी. व्ही. आर. राव आणि मंत्रिमंडळ सचिव एकत्र बसत. ठरावीक विषयपत्रिका नसे. ज्याला जे मांडायचे असेल त्याने ते इतरांसमोर मांडायचे. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. एका सेनादलाचे म्हणणे दुसऱ्याला कळू लागले. पूर्वी ते बहुतेक वेळा फायलीतून आणि उशिरा कळत असे. दुसरे म्हणजे मंत्र्यांच्या कानाशी लागून काही साधण्याची सोय उरली नाही, कारण बोलायचे ते सर्वांदेखत. सनदी अधिकारी आणि गणवेशधारी यांच्यातील जुनी तेढ यामुळे नाहीशी झाली असे नाही, पण ती रोज एका टेबलाभोवती बसवली गेली. ग्रामीण महाराष्ट्रात पंचांपुढे गाऱ्हाणे मांडायची जी रीत आहे, तिच्याशी या पद्धतीचे नाते जोडण्याचा मोह मराठी वाचकाला होईल. मुख्यमंत्री म्हणून आमदारांची गर्दी शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाला मात्र ही सवय नवी नव्हती, एवढे नक्की.

जनरल चौधुरी यांच्याशी त्यांचे सूत जुळले, हेही महत्त्वाचे ठरले. हैदराबादच्या १९४८ च्या आणि गोव्याच्या १९६१ च्या कारवाईचे नेतृत्व करणारे चौधुरी दक्षिण विभागाचे प्रमुख होते आणि त्या विभागाचे मुख्यालय पुण्यात होते. मुख्यमंत्री आणि सेनाधिपती हे दोघे एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हते. लष्करातील बढत्या-बदल्या हा सेनाप्रमुखांचा विषय, धोरण आणि साधने हा मंत्र्यांचा, ही सीमारेषा यशवंतरावांनी पाळली. स्वतःला युद्धशास्त्रातले कळते असा आव त्यांनी आणला नाही. त्यांनी सीमेवरील छावण्यांना भेटी दिल्या, प्रश्न विचारले, टिपणे मागवली आणि वाचली. इतिहास आणि चरित्रे वाचण्याची तुरुंगातली सवय इथे कामी आली.

या महिन्यांतला सर्वांत अवघड निर्णय पराभवाच्या चौकशीचा होता. देश दोषी शोधत होता. संसदेत मेनन यांच्यावर आणि पर्यायाने नेहरूंवर टीकेची झोड उठत होती. व्यापक चौकशी झाली असती, तर ती पंतप्रधानांच्या दारापर्यंत गेली असती. चौकशीच झाली नसती, तर सरकार लपवाछपवी करते आहे, हा आरोप पक्का झाला असता. डिसेंबर १९६२ मध्ये लष्करप्रमुखांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांची समिती नेमली आणि तिचे काम लष्करी बाजूपुरते मर्यादित ठेवले. प्रशिक्षण, शस्त्रे, आदेशांची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनापतींची कुवत हे तिच्यापुढचे विषय होते. १९६३ च्या मध्यास अहवाल आला आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्र्यांनी संसदेत त्याचे निष्कर्ष थोडक्यात सांगितले. उणिवा त्यांनी मान्य केल्या, मात्र सुरक्षेचे कारण देऊन अहवाल प्रसिद्ध केला नाही.

हा निर्णय बरोबर होता काय? पराभूत सैन्याची चिरफाड चव्हाट्यावर करायची नाही, तिला उभे राहू द्यायचे, हा विचार त्या हिवाळ्यात समजण्यासारखा होता. सीमेपलीकडे चिनी सैन्य होते आणि जे अधिकारी हरले होते त्यांच्यापैकी अनेकांनाच पुन्हा लढायचे होते. पण राजकीय निर्णयांची चौकशी त्या वेळी टळली ती टळलीच. अर्धशतक उलटले तरी सरकारने अहवाल खुला केला नव्हता. २०१४ मध्ये त्याचा काही भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर टाकला, तेव्हा कुठे तो लोकांना वाचता आला. धुणे धुवायचे पण अंगणात वाळत घालायचे नाही, या यशवंतरावी पद्धतीने सैन्य सावरले. देशाला मात्र १९६२ चा पूर्ण हिशेब मिळाला नाही. त्यांच्या चरित्रकारांनी या दुसऱ्या बाजूकडे काहीसे दुर्लक्षच केले आहे.

पैशाची बाजू याच काळात मार्गी लागली. फेब्रुवारी १९६३ मध्ये मोरारजींनी मांडलेल्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपयांची तरतूद होती. आधीच्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून ती अधिक होती आणि तिच्यासाठी देशाने सक्तीच्या बचतीपासून सुवर्णनियंत्रणापर्यंत बरेच काही सोसले. एवढा पैसा हाती आल्यावर खरेदीची घाई करण्याचा मोह मोठा असतो. इथे मात्र पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायचे ठरले. वार्षिक तरतुदीवर चालणाऱ्या संरक्षण खात्याला ही सवय नव्हती. १९६४ ते १९६९ या काळासाठीच्या त्या योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य, डोंगरी युद्धासाठी खास प्रशिक्षित दहा डिव्हिजन आणि हवाई दलाच्या ४५ तुकड्या अशी उद्दिष्टे होती. जुन्या रायफलींच्या जागी इशापूरच्या कारखान्यात बनणारी नवी रायफल येऊ लागली. अधिकाऱ्यांची कमतरता भरून काढण्यासाठी तातडीच्या नेमणुका झाल्या आणि १९६३ मध्ये पुणे व मद्रास येथे अधिकारी प्रशिक्षण शाळा उघडल्या. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, तो याच धोरणातून.

अमेरिका आणि ब्रिटनकडून आलेली मदत मर्यादित होती आणि तिच्याबरोबर काश्मीरविषयी वाटाघाटींचा आग्रहही होता. मे १९६४ मध्ये यशवंतराव शस्त्रसाहाय्याच्या बोलण्यांसाठी अमेरिकेत गेले, तिथेच त्यांना २७ मे रोजी नेहरूंच्या निधनाची बातमी कळली आणि दौरा अर्धवट टाकून ते परतले. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियालाही जाऊन आले. परदेशांतून त्यांनी वेणूताईंना लिहिलेली पत्रे ‘विदेश-दर्शन’ या नावाने पुस्तकरूपात आली आहेत. राजकारणातला सावध माणूस घरच्या पत्रांत किती मोकळा होतो, ते त्यांत दिसते.

सकाळच्या त्या बैठकांतून काय कमावले होते, हे १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी उमगले. पाकिस्तानी रणगाड्यांनी छांब भागात मुसंडी मारली होती आणि अखनूरचा पूल धोक्यात आला होता. जनरल चौधुरी हवाई दलाची मदत मागायला संरक्षणमंत्र्यांकडे आले. हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग उपस्थित होते. १९६२ च्या युद्धात लढाऊ विमाने वापरण्याचे धैर्य दिल्लीला झाले नव्हते. ती वापरणे म्हणजे युद्धाची व्याप्ती वाढवणे होते आणि एरवी असा प्रश्न मंत्रिमंडळाच्या समितीपुढे गेला असता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. तासाभराच्या आसपास पठाणकोटहून विमाने उडाली. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर विमाने गमवावी लागली, हेही नोंदवले पाहिजे. जुनी विमाने आणि घाई यांची ती किंमत होती. पण छांबमधील आगेकूच मंदावली आणि सैन्याला श्वास घ्यायला उसंत मिळाली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी निर्णयाला पाठिंबा दिला. तीन वर्षांपूर्वी एकमेकांशी धड न बोलणाऱ्या त्या इमारतीत मंत्री, सेनापती आणि हवाई दलप्रमुख आता एका वाक्यात समजून घेत होते.

नोव्हेंबर पुन्हा आला, तो १९६६ चा. गोहत्याबंदीच्या मागणीसाठी संसदेवर आलेल्या जमावावर गोळीबार झाला, गुलझारीलाल नंदा यांनी गृहमंत्रिपद सोडले आणि इंदिरा गांधींनी ते खाते यशवंतरावांना दिले. दुसऱ्याने सोडलेली जळती जागा सावरण्यासाठी पुन्हा त्यांनाच बोलावणे आले. त्यानंतर १९७० मध्ये अर्थ, १९७४ मध्ये परराष्ट्र, १९७७ नंतर विरोधी पक्षनेतेपद आणि १९७९ मध्ये काही महिन्यांचे उपपंतप्रधानपद असा प्रवास झाला. १९६९ नंतरच्या राजकारणात त्यांची सावधगिरी अनेकांना निर्णयाची टाळाटाळ वाटू लागली आणि आणीबाणीतील मौनाबद्दल त्यांना कठोर टीका सहन करावी लागली. जे गुण विस्कटलेले घर सावरताना उपयोगी पडले, ते घरातच वादळ उठल्यावर अपुरे पडले.

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. एकाकी झालेल्या यशवंतरावांनी आत्मचरित्र हाती घेतले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कृष्णाकाठ’ हा त्याचा पहिला खंड १९४६ साली कराड सोडून मुंबईच्या सचिवालयाकडे निघालेल्या तरुणापाशी थांबतो. दिल्लीच्या वर्षांचा खंड त्यांनी योजला होता, तो लिहून झाला नाही. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.